हरवलेलीं व्यंजनें

गेल्या पावसाळ्यांतली गोष्ट. पहिला तास सुरू होऊन दहा मिनिटें झालीं होतीं. बाहेर पाऊस होता, डोक्यावर पंखा घरघरत होता, आणि मी फळ्यावर कांहीं तरी लिहीत होतों. इतक्यांत दारांत एक विद्यार्थी येऊन उभा राहिला. दोन दिवस तो वर्गांत दिसला नव्हता. मीं भुवया उंचावल्या. त्यानें खालच्या आवाजांत दोन शब्द उच्चारले. 'गाडी गेली,' असें मला ऐकूं आलें. लोकलच्या सबबी ऐकण्यांत माझीं अठ्ठावीस वर्षें गेलीं आहेत. तेव्हां प्राध्यापकाला शोभेल इतपत विनोद करण्याची ही संधि मी थोडीच सोडणार! "मग एवढें तोंड पाडायला काय झालें? एक गेली तर मागून दुसरी येते कीं!" असें म्हणून मीं त्याला बसण्याची खूण केली.

वर्ग हंसला नाहीं. माझ्या विनोदांना वर्ग हंसत नाहीं यांत नवें असें कांहीं नसल्यामुळें मी पुन्हां फळ्याकडे वळलों. तास संपल्यावर पहिल्या बांकावरची एक मुलगी टेबलापाशीं आली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "सर, तो 'आजी गेली' म्हणाला."

मी तसाच जिन्यानें खालीं धांवलों. तो मुलगा उपाहारगृहापाशीं एकटाच उभा होता. मीं त्याची क्षमा मागितली. "असू द्या, सर," असें तो म्हणाला. निदान त्याच्या ओठांवरून मला तसें वाटलें. त्याला आजीनेंच लहानाचा मोठा केला होता, हें मला मागाहून कळलें. त्या दिवशीं संध्याकाळीं घरीं परत येतांना मीं मनाशीं कबूल केलें कीं, गेलीं चार-पांच वर्षें ज्या गोष्टीला मी 'हल्लींचीं मुलें तोंडांतल्या तोंडांत बोलतात' असें नांव देत होतों, तिचें खरें नांव निराळें आहे.

घरांतल्या माणसांना हें नांव केव्हांच ठाऊक झालें होतें. आमच्या चारकोपची वस्ती बहिऱ्या माणसाला मुळींच सोयीची नाहीं. १९८५ सालीं जागतिक बँकेच्या मदतीनें मुंबईंत जी नगरविकास योजना मंजूर झाली, तींत म्हाडानें कांदिवलीच्या पश्चिमेस, खाडीकडच्या सखल जमिनीवर, लहान लहान भूखंड पाडले; रस्ते, पाणी, गटारें दिलीं; आणि घर मात्र ज्याचें त्यानें ऐपतीप्रमाणें बांधावें, असें ठरविलें. तीस-पस्तीस घरांची एकेक सोसायटी, मध्यें सामाईक अंगण, आणि साऱ्यांच्या खिडक्या त्या अंगणाकडे उघडणाऱ्या. ज्या घरांत कूकरची शिटी झाली त्या घरांत आज काय शिजलें आहे, याची चर्चा समोरच्या घरांत होऊं शकते. अशा ठिकाणीं टेलिव्हिजनवरच्या बातम्या मी एकटा ऐकत नव्हतों. माझ्याबरोबर सारी सोसायटी ऐकत होती. शेजाऱ्यांनीं तक्रार कधींच केली नाहीं. एका सभ्य गृहस्थांनीं एवढेंच विचारलें कीं, "सर, हल्लीं राजकारणांत फार लक्ष घालतां वाटतें?"

हा भूखंड माझ्या वडिलांनीं मिळविला होता. ते परळच्या एका कापडगिरणींत सांचेखात्यांत होते. वडील मोठ्यानें बोलत, आणि मोठ्यानें बोलणें हा त्यांचा स्वभाव आहे अशी आम्हां चारहि भावंडांची समजूत होती. शेंकडों सांचे एका छपराखालीं खडखडत असतांना सांचेवाले एकमेकांशीं हातवाऱ्यांनीं आणि ओठांच्या हालचालींनीं बोलतात, आणि तीस वर्षांनीं गिरणीच्या बाहेरहि त्यांना तसेंच बोलावें लागतें, हें आम्हांला कुणीं सांगितलें नव्हतें. गोंगाटानें येणारा बहिरेपणा व्यवसायजन्य रोगांच्या यादींत आहे. कारखान्यांच्या कायद्याच्या परिशिष्टांत आहे, कामगार विम्याच्या कायद्यांतहि आहे. हें मीं वाचलें तें माझ्या स्वतःच्या कानांच्या निमित्तानें, वडील जाऊन बारा वर्षें झाल्यावर. त्यांनीं आपल्या कानांबद्दल कुणाकडे एक पै मागितली नाहीं. मागायची असते हेंच त्यांना ठाऊक नव्हतें. मी पदवीधर, मला मागायची असते हें ठाऊक आहे. दोघांच्या पदरांत मात्र सारखेंच पडलें, तें कसें तें सांगतों.

वांद्र्याच्या रेक्लमेशनवर अली यावर जंग यांच्या नांवाची वाक् आणि श्रवण यांसंबंधीची राष्ट्रीय संस्था आहे. १९८३ सालीं ती स्थापन झाली. तेथें एका काचेच्या खिडकीच्या बंद खोलींत मला बसविण्यांत आलें. कानांवर जाड आवरणें, हातांत एक बटण. आवाज ऐकूं आला कीं बटण दाबायचें. आयुष्यभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतलेल्या माणसानें परीक्षेस बसणें हा एक विलक्षण अनुभव आहे. प्रश्नच ऐकूं येत नाहींत, आणि ऐकूं न आलेल्या प्रश्नांचेच गुण जातात! दोन-तीनदां मीं आवाज नसतांहि बटण दाबलें. काचेपलीकडच्या मुलीनें हंसून मान हलविली. माझे विद्यार्थीहि हेंच करतात, आणि मी मात्र त्यांच्यावर रागावतों.

शेवटीं एक आलेख माझ्या हातीं आला. डावीकडे, म्हणजे खर्जाच्या बाजूला, रेघ बरी आडवी चाललेली. उजवीकडे, उंच स्वरांच्या बाजूला, घाट उतरल्यासारखी एकदम खालीं. त्या मुलीनें फार चांगलें समजावून सांगितलें. बोलण्यांतले स्वर जड असतात. ते खालच्या पट्टींत असतात, आणि त्यांतच आवाजाचें बळ असतें. स, श, च, ज, थ अशा व्यंजनांची सारी ओळख उंच पट्टींतल्या बारीक घर्षणांत असते, आणि वयपरत्वें प्रथम ऱ्हास होतो तो त्याच पट्टीचा. म्हणून अशा माणसाला 'ऐकूं येत नाहीं' असें वाटत नाहीं. 'लोक स्पष्ट बोलत नाहींत' असें वाटतें. तो ओरडणाऱ्यावर उलट ओरडतो कीं, ओरडूं नका, नीट बोला!

मला आजी आणि गाडी यांचा उलगडा झाला. आ तोच, ई तीच. मधल्या 'ज'चें घर्षण तेवढें विरून गेलें, आणि त्या रिकाम्या जागीं माझ्या मुंबईकर मनानें एक लोकल आणून उभी केली. आपल्या वैयाकरणांनीं स्वरांना स्वयंप्रकाशी म्हटलें आणि व्यंजनांना त्यांच्या मागून जाणारीं ठरविलें. त्यांचे कान शाबूत असले पाहिजेत. वयाच्या छपन्नाव्या वर्षीं मी सांगतों कीं, स्वर नुसते उजेड पाडतात. त्या उजेडांत काय ठेवलें आहे तें दाखवितात व्यंजनेंच.

उजव्या कानाची सरासरी ५४ डेसिबल, डाव्याची ५७. "यंत्र दोन्ही कानांना लावलेलें बरें," असें तेथें सांगण्यांत आलें. येथपर्यंतचा मार्ग विज्ञानाचा होता आणि तो सरळ होता. यापुढें मी व्यवहाराच्या गल्लींत शिरलों.

दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा मीं काढून वाचला. दोन्ही कानांत ७० डेसिबलची हानि असेल तो बधिर, आणि ६० पासून ७० पर्यंत असेल तो कमी ऐकूं येणारा, अशी त्यांत व्याख्या आहे. म्हणजे डावा कान तीन गुणांनीं आणि उजवा सहा गुणांनीं नापास! आमच्याकडे काठावरच्या मुलाला थोडेबहुत कृपागुण देण्याची रीत आहे. कायद्याला ती ठाऊक नाहीं. आणि ते गुण मिळते तरी काय झालें असतें? उपकरणांसाठीं साहाय्य देणारी केंद्र सरकारची योजना १९८१ पासून चालू आहे. तींत मासिक उत्पन्न साडेबावीस हजारांच्या आंत असेल तर पूर्ण आणि तीस हजारांच्या आंत असेल तर निम्मी मदत मिळते. माझा पगार तीस हजारांहून अधिक आहे, ही गोष्ट महिन्याच्या वीस तारखेनंतर मला जाणवत नाहीं. पण कागदावर ती खरी आहे. महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं पासष्ट वर्षांवरील वृद्धांसाठीं एकदांच तीन हजार रुपये देण्याची योजना काढली. तिची उत्पन्नाची मर्यादा वर्षाला दोन लाखांची. माझें वय कमी, उत्पन्न जास्त, आणि बहिरेपणा अपुरा! केंद्र सरकारच्या नोकरांना यंत्राची किंमत ठरलेल्या मर्यादेपर्यंत परत मिळते असें कळलें, पण मी त्यांतलाहि नव्हें. ज्यांना देणें योग्य त्यांना सरकार देत आहे, याबद्दल माझी तक्रार नाहीं. पंगतींत आपल्या पानाच्या अलीकडेच वाढप्याची पळी थांबली, कीं भूक थोडी अधिक लागते, इतकेंच.

राहतां राहिला विमा. आमच्या कॉलेजची एक सामुदायिक पॉलिसी आहे. तिचा हप्ता पगारांतून दरवर्षीं कापला जातो. विमा-कचेरींत फोन केला तेव्हां तिकडच्या मुलीनें दिलेलें उत्तर मला नीट ऐकूं आलें नाहीं! तें मीं लेखी मागविलें. उत्तर आलें तें पॉलिसीच्या एका कलमाचा आधार देऊन. चष्मे, डोळ्यांत बसवायचीं भिंगें आणि श्रवणयंत्रें यांचा खर्च देय नाहीं. १९८६ सालीं आपल्याकडे 'मेडिक्लेम' नांवाची पॉलिसी आली, तिचा पिंडच मुळीं इस्पितळांत दाखल होण्याचा. जो खाटेवर पडला तो आजारी. जो पायांनीं चालत दुकानांत गेला तो गिऱ्हाईक. शिवाय विमा हा अनिश्चित संकटाचा असतो. म्हातारपणीं कान जाणें हें संकट फारसें अनिश्चित नसतें, असाहि एक युक्तिवाद आहे. तो ऐकायला ठीक वाटतो. पण मग मोतीबिंदूचें काय? तो तरी कोठें अनिश्चित आहे? दोन वर्षांपूर्वीं याच पॉलिसीनें माझ्या आईच्या डोळ्यांतल्या मोतीबिंदूचा आणि आंत बसविलेल्या भिंगाचा खर्च बिनतक्रार दिला होता. भिंग डोळ्याच्या आंत गेलें म्हणून तें उपचार ठरलें. यंत्र कानाच्या बाहेर राहतें म्हणून ती चैन ठरली. चष्म्याच्या जोडीला श्रवणयंत्राला बसविणाऱ्या गृहस्थानें दोहोंच्या किंमती कधीं विचारल्या असतील असें वाटत नाहीं.

त्या किंमती मीं विचारल्या. बोरिवलीच्या एका दुकानांत, मोत्यांच्या पेटीसारख्या पेटींत, मखमलीवर ठेवलेलीं यंत्रें मला दाखविण्यांत आलीं. सर्वांत साधी जोडी बत्तीस हजारांची. मधली एक लाख चौसष्ट हजारांची. आणि ज्या जोडीकडे बोट दाखवितांना दुकानदाराचा आवाज आपोआप आदबशीर झाला, ती चार लाख वीस हजारांची. जी. एस. टी. यावर नाहीं, हें त्यानें आवर्जून सांगितलें. साध्या यंत्रांत आवाज नुसता मोठा होतो. महाग यंत्र गोंगाटांतून बोलणें वेगळें काढण्याचा प्रयत्न करतें. माझा सारा उद्योग साठ मुलांच्या वर्गांत! जगांतलीं बहुतेक यंत्रें युरोप-अमेरिकेंतल्या पांच-सहा कंपन्या बनवितात, आणि यंत्राच्या किंमतींतच तें कानाला जुळविण्याची मजुरी, पुढच्या फेऱ्या आणि दुकानाचें भाडें हीं सारीं मिसळलेलीं असतात. कशाचे किती, हें पृथक् करून कुणी सांगत नाहीं. येथेंहि स्वर तेवढे ऐकूं येतात, व्यंजनें गुलदस्तांत!

इंग्लंडांत १९४८ सालीं राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हां 'मेड्रेस्को' नांवाचें, अंगावर वागवायचें ओबडधोबड यंत्र सरकारनें लोकांना मोफत द्यावयास प्रारंभ केला; आजहि तेथें यंत्र त्या सेवेंतून उसनें परंतु फुकट मिळतें. इकडे अमेरिकेनें १९६५ सालीं वृद्धांसाठीं जो आरोग्यविमा काढला त्यांतून श्रवणयंत्रें वगळलीं. पुढें २०२२ सालीं, निदान किंमती उतराव्यात म्हणून, चिठ्ठीवांचून तीं दुकानांत विकण्यास परवानगी दिली. तेव्हां हा घोळ आपल्यापुरताच नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणें जगांत सुमारें त्रेचाळीस कोटी लोकांना कानांच्या बाबतींत कांहीं ना कांहीं मदतीची गरज आहे. एवढे लोक एखाद्या गोष्टीवांचून अडून असतांना ती गोष्ट मखमलीवर ठेवलेली असते, याचें कारण मला एकच दिसतें. आंधळ्याची माणसाला दया येते. बहिऱ्याचें हंसूं येतें. आपल्या नाटकांतून आणि गप्पांतून बहिरा येतो तो हमखास विनोदासाठीं. मींहि त्याच्यावर यथेच्छ हंसलों आहें. आणि हंसण्याच्या विषयासाठीं पैसे कोण देतो?

पत्नी म्हणाली, "अहो, बांगड्या आहेत त्या कशाला आहेत?" मीं नको म्हटलें. मुलाचें इंजिनिअरिंगचें शेवटचें वर्ष आहे, वरचा मजला चढविण्यासाठीं घेतलेलें कर्ज अजून फिटावयाचें आहे. त्या बांगड्यांवर आधींच पुष्कळांचे डोळे आहेत. भावंडांकडे शब्द टाकावा असें एकदां मनांत आलें. आईसाठीं २०१८ सालीं आम्ही चौघांनीं वर्गणी काढून जोडी घेतली होती, आणि ती घेतांना कुणाच्या कपाळावर आठी नव्हती. आईच्या कानांसाठीं चौघे पुढें येतात; छपन्न वर्षांच्या, मिळवत्या थोरल्या भावाच्या कानांसाठीं वर्गणी कशी मागावयाची? बहिणीला फोन लावला, इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या, आणि ठेवून दिला.

त्याच आठवड्यांत मीं एक गोष्ट केली. ती सांगायला अजून संकोच वाटतो. आईच्या जोडींतलें डावें यंत्र एका पावसाळ्यांत दमट हवेनें बंद पडलें होतें. दुरुस्तीला नऊ हजार पडतील म्हणून तें तसेंच राहिलें होतें. उजवें ती रात्रीं काढून उशाशीं डबींत ठेवते. एका रात्रीं, ती झोंपली आहे असें पाहून, तें मीं उचललें, स्वयंपाकघरांत गेलों आणि कानांत बसविलें.

काय तो कल्लोळ! रेफ्रिजरेटर गिरणीसारखा सुरू झाला. मोरींतल्या नळाचें ठिबकणें घण घातल्यासारखें कानांवर आदळलें. माझ्याच सदऱ्याची बाही टेबलाला घांसली तिचा आवाज ऐकून मी दचकलों. यंत्र आईच्या कानांच्या मापानें लावलेलें, माझ्या नव्हे. दुसऱ्याचें यंत्र कानांत घालणें धोक्याचें असतें, हें मला पुढें दुकानांत चांगलेंच ऐकविण्यांत आलें. पण त्या कल्लोळांत भिंतीवरची पाल चुकचुकली. पालीचा आवाज मीं किती वर्षांत ऐकला नव्हता! तो नाहींसा झाला आहे हेंहि माझ्या लक्षांत आलेलें नव्हतें. मी तसाच कान देऊन उभा राहिलों.

मागें वळून पाहतों तों दारांत आई उभी. तिच्या कानांत कांहीं नव्हतें, त्यामुळें मी जें बोललों तें तिला ऐकूं जाणें शक्यच नव्हतें. ती तिच्या नेहमींच्या, शेजारच्या घरालाहि ऐकूं जाईल अशा आवाजांत म्हणाली, "राहू दे तुझ्याकडेच. तुला शिकवायचं असतं. मला काय ऐकायचं राहिलंय आता?" समोरच्या घरांतला दिवा लागला. मीं यंत्र काढून तिच्या हातांत दिलें. चोरी करतांना सांपडलेला मुलगा कसा दिसतो हें मला छपन्नाव्या वर्षीं कळलें.

दुसऱ्या दिवशीं मीं दुकानांत जाऊन एकच यंत्र घेतलें. उजव्या कानासाठीं, अठ्ठावन्न हजार रुपयांचें, दहा हप्त्यांनीं. एका कानानें दिशा कळत नाहीं, गोंगाटांत त्रास होतो, हें सारें दुकानदारानें पुन्हां सांगितलें आणि मीं पुन्हां ऐकलें. कॉलेजांत पहिल्या दिवशीं हजेरी घेतांना 'यस सर' यांतला शेवटचा स मला ऐकूं आला. ओळीनें साठ वेळां ऐकूं आला. वर्गांत मागच्या बांकांवर काय काय चालतें तेंहि ऐकूं येऊं लागलें, आणि त्यांतलें बरेंचसें ऐकूं न येतें तर बरें होतें. आजी गेलेल्या त्या मुलाचा क्रमांक आला तेव्हां मी पुस्तकांतून मान वर करून त्याच्याकडे पाहिलें. त्यानें इतरांहून जरा मोठ्यानें 'यस सर' म्हटलें. तें त्यानें आठवण ठेवून केलें, कीं तो मुळांतच तसा बोलतो, हें मला ठरवितां आलें नाहीं.

हप्ते अजून चालू आहेत. डाव्या कानाचें दिवाळीनंतर पाहूं असें मीं गेल्या दिवाळीला म्हटलें होतें. यंदा मुलाची फी भरल्यावर पाहूं असें म्हणतों. आईच्या डाव्या यंत्राची दुरुस्तीहि तशीच राहिली आहे. त्यामुळें आमच्या घरीं एक अडचण उत्पन्न झाली आहे. आईचा उजवा कान चालतो आणि माझाहि उजवाच. शेजारीं शेजारीं बसलें कीं एकाचा चालता कान दुसऱ्याकडे असतो, पण दुसऱ्याचा भिंतीकडे! म्हणून संध्याकाळीं ओट्यावर आम्ही समोरासमोर खुर्च्या मांडून बसतों. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटत असेल कीं मायलेकांचें भांडण चाललें आहे.

दोघांच्या यंत्रांना सेल मात्र एकाच मापाचे लागतात. आठ-दहा दिवसांत सेल संपतो. संपण्यापूर्वीं यंत्र कानांत बारीक सूर काढतें. परवां आईची बहीण भेटावयास यायची होती आणि नेमका आईचा सेल संपला, डबी रिकामी. मीं माझा काढून तिच्या यंत्रांत घातला. दोघी बहिणी तास-दीड तास बोलत होत्या, हंसत होत्या. मी तेथेंच उत्तरपत्रिका तपासीत बसलों होतों. मध्येंच मावशी माझ्याकडे वळून कांहीं तरी म्हणाली. मीं मान हलविली आणि दोन्हीं मोठ्यानें हंसल्या.